लक्ष्मी तालाकाठची महालक्ष्मी : झाशीत वसलेल्या मराठी कुळाच्या देवीची गोष्ट

झाशी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? बहुतेकांच्या मनात एकच चित्र असते. पाठीला मूल बांधलेली, हातात तलवार घेतलेली, घोड्यावर स्वार झालेली राणी. शाळेच्या पुस्तकात पाहिलेले हे चित्र आयुष्यभर पुसले जात नाही. झाशीला जाणारे मराठी पर्यटकही किल्ला पाहतात, राणी महाल पाहतात, फोटो काढतात आणि ओरछाची गाडी पकडतात.

पण तुम्ही कधी गेलात तर थोडा वेळ राखून ठेवा आणि जुन्या शहराच्या पूर्वेला, लक्ष्मी दरवाजाच्या बाहेर जा. तिथे एक मोठे तळे आहे. त्याचे नाव लक्ष्मी ताल. काठावर महालक्ष्मीचे जुने देऊळ आहे आणि जवळच एका राजाची छत्री आहे.

आता एक प्रश्न. या तळ्याला लक्ष्मी ताल हे नाव कोणावरून पडले असेल? तुम्ही लगेच म्हणाल, राणी लक्ष्मीबाईंवरून. नवख्या माणसाला असेच वाटते. खरा क्रम मात्र उलटा आहे. राणी झाशीत सून म्हणून आल्या १८४२ मध्ये. त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून देवी इथे होती. तळे देवीच्या नावाने ओळखले गेले, दरवाजा देवीच्या नावाने ओळखला गेला, आणि काशीहून आलेल्या नव्या सुनेलाही देवीचेच नाव मिळाले. ती देवी इथे कशी आली, हे समजले की झाशीची गोष्ट जरा वेगळी दिसू लागते.

दूरच्या मुलखात मराठी माणूस

झाशीचा किल्ला मराठ्यांनी बांधला नाही. तो ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बांधला. मराठे बुंदेलखंडात आले ते पुढे शंभरएक वर्षांनी. १७२९ मध्ये महंमद खान बंगशाने महाराजा छत्रसालांना कोंडीत पकडले, तेव्हा बाजीराव पेशवे त्यांच्या मदतीला धावून गेले. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या मदतीनंतर बुंदेलखंडात मराठ्यांचे पाय रोवले गेले.

झाशी मराठ्यांकडे आली १७४२ मध्ये. पेशव्यांचे सरदार नारोशंकर तिथले सुभेदार झाले. किल्ल्याचा जो भाग त्यांनी वाढवला, त्याला शंकरगढ म्हणतात. त्यांच्या काळात किल्ल्याखाली शहर वाढू लागले. कारकून, शिलेदार, भटजी, सावकार अशी मराठी कुटुंबे हळूहळू इथे राहू लागली.

कल्पना करा, त्या काळी पुणे किंवा कोकण सोडून बुंदेलखंडात जायचे म्हणजे काय! महिना-दोन महिन्यांचा प्रवास, नर्मदा ओलांडायची, वाटेत चोराचिलटांचे भय. उन्हाळा असा की अंगाची लाही व्हावी. भाषा वेगळी, जेवण वेगळे. घरी पत्र पोहोचायलाही किती दिवस लागतील याचा नेम नाही.

अशा वेळी माणसाच्या मनात एक प्रश्न असतोच. आपण इथे चार पैसे मिळवून परत जायचे, की इथलेच होऊन राहायचे?

मिळकत झाशीची, देऊळ नाशकात

या प्रश्नाचे नारोशंकरांचे उत्तर तुम्ही कदाचित स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असेल. नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या काठी नारोशंकराचे मंदिर आहे. तेच हे झाशीचे सुभेदार. त्यांनी १७४७ मध्ये हे शिवमंदिर बांधले. सुभेदारी बुंदेलखंडात, पण देवासाठी जागा निवडली ती आपल्या मुलखात, गोदेच्या तीरावर.

या मंदिरावरची घंटा तर म्हणीसारखी झाली आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण सहज ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो. ही घंटा मुळात पोर्तुगिजांची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा विजयाची खूण म्हणून ती आणली गेली. एका धर्माच्या प्रार्थनेसाठी ओतलेली घंटा दुसऱ्या धर्माच्या देवळावर टांगली गेली, आणि आज ती नाशिककरांची आहे.

नारोशंकर १७५७ च्या सुमारास परत बोलावले गेले. त्यांच्यानंतर काही सुभेदार आले आणि गेले. मग झाशी एका अशा कुळाकडे आली, ज्याचे उत्तर वेगळे होते.

नेवाळकरांनी देवीसाठी झाशी निवडली

हे कुळ नेवाळकरांचे. कऱ्हाडे ब्राह्मण घराणे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले कोट, आजच्या लांजा तालुक्यातले. महालक्ष्मी ही त्यांची कुलदेवी. रघुनाथ हरी नेवाळकर १७७० च्या सुमारास झाशीचे सुभेदार झाले आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी कारभार पाहिला. कर्तबगार माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. मुलखाचा वसूल त्यांनी वाढवला. आणि त्यांनी झाशीत दोन देवळे बांधली, एक रघुनाथाचे आणि दुसरे महालक्ष्मीचे.

तुमच्या घरात कुलदेवीचे काय स्थान आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. घरात लग्न झाले की नवे जोडपे आधी कुलदेवीच्या दर्शनाला जाते. मुलाचे जावळ, मुंज, नवे घर, सगळ्याची पहिली वर्दी तिला. माणूस मुंबईत राहो की अमेरिकेत, ‘तुमची कुलदेवी कुठली’ असे विचारले की तो आपल्या गावाकडचेच नाव सांगतो. म्हणजे माणूस गाव सोडतो, पण कुलदेवी सहसा गाव सोडत नाही.

म्हणूनच रघुनाथरावांनी झाशीत महालक्ष्मीचे देऊळ बांधले, याला फार अर्थ आहे. नेवाळकरांच्या पुढच्या पिढ्यांना पहिली ओटी भरायला शेकडो कोस दूर जाण्याची गरज उरली नाही. घराण्याची आई आता शहराबाहेरच्या तळ्याकाठी होती. परत जाण्याचा विचार असलेला माणूस असे करत नाही.

रघुनाथरावांनंतर त्यांचे धाकटे भाऊ शिवराव भाऊ यांनी कारभार सांभाळला. १८०४ मध्ये त्यांनी इंग्रजांशी करार केला. १८१७ मध्ये पुन्हा करार झाला आणि झाशीवर नेवाळकरांचा वंशपरंपरेचा हक्क इंग्रजांनी मान्य केला. हा १८१७ चा करार लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

मनूची लक्ष्मी झाली

शिवराव भाऊंचे पुत्र गंगाधरराव झाशीचे राजे झाले. १८४२ मध्ये त्यांचे लग्न मोरोपंत तांबे यांच्या मुलीशी झाले. तिचा जन्म काशीचा, नाव मणिकर्णिका, लाडाचे नाव मनू. झाशीच्या गणेश मंदिरात हा विवाह झाला. ते मंदिर आजही आहे.

लग्नात नवऱ्या मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडची रीत. तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नाव लिहायचे. झाशीच्या राजघराण्याने आपल्या सुनेसाठी नाव निवडले ते कुलदेवीचेच. काशीची मनू झाशीची लक्ष्मीबाई झाली.

पुढे त्यांना एक मुलगा झाला. तो अवघ्या काही महिन्यांचा होऊन गेला. गंगाधररावांची प्रकृती ढासळत गेली. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी कुळातल्या आनंदराव नावाच्या मुलाला विधिपूर्वक दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला गंगाधरराव गेले.

राणींनी पतीची छत्री बांधवली ती लक्ष्मी तालाजवळ, महालक्ष्मीच्या शेजारी. छत्री म्हणजे राजाच्या स्मरणार्थ बांधलेले स्मारक. बागेने वेढलेली, कोरीवकाम केलेल्या खांबांची ही वास्तू आजही पाहता येते. आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. एका काठावर सासरची कुलदेवी, जवळच पतीचे स्मारक. पंचविशीच्या आसपासच्या त्या विधवा स्त्रीचे सगळे सासर त्या एका तळ्याकाठी होते.

देवीच्या गावांचाही घास घेतला

लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केला. राणींनी १८१७ च्या कराराचा आधार देऊन खलिते पाठवले. वंशपरंपरेचा हक्क मान्य केला असेल तर शास्त्राप्रमाणे घेतलेला दत्तक पुत्रही वारसच, असे त्यांचे म्हणणे होते. पण १८५४ च्या मार्चमध्ये झाशी खालसा झाली. राणींना महिना पाच हजार रुपये पेन्शन ठरली.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. यानंतर जे घडले, ते पुस्तकात एखाद्या ओळीत उरकले जाते. महालक्ष्मीच्या देवळाचा खर्च चालावा म्हणून काही गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती, पुजाऱ्यांचा शिधा, उत्सव, सगळे त्यातून चालायचे. नव्या सरकारने ते उत्पन्नही बंद केले. शहरात गोहत्येलाही परवानगी मिळाली. या दोन्ही गोष्टींबद्दल राणींनी तक्रार केली, तिचा उपयोग झाला नाही.

कागदावर ही किरकोळ बाब. वसूल खात्याच्या दृष्टीने दोन ओळींचा हिशेब. पण राणींच्या बाजूने पाहा. राज्य गेले, तो राजकारणाचा भाग म्हणता येईल. ज्या देवीचे नाव आपण लावतो, तिच्या पुढचा दिवा सरकारी हुकमाने मंद व्हावा, हे घरात शिरून केलेले अपमानासारखे होते. शहरातल्या साध्या माणसालाही हे समजले. करार, दत्तक, वारसाहक्क या गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या असतील. देवीचे उत्पन्न तोडले हे वाक्य मात्र बाजारात भाजी घ्यायला आलेल्या बाईलाही कळते.

‘मी माझी झाशी देणार नाही’ हे राणींच्या तोंडचे वाक्य आपण अभिमानाने सांगतो. त्यातल्या ‘माझी’ या शब्दाच्या मागे हे तळे आणि हे देऊळही उभे आहे.

वरसईच्या भटजींनी पाहिलेली झाशी

सुदैवाने त्या दिवसांतला एक मराठी साक्षीदार आपल्याला लाभला आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाले. आणि सापडले ते ऐन बंडाच्या धामधुमीत. फिरत फिरत ते झाशीला पोहोचले आणि राणींच्या आश्रयाला राहिले.

त्यांनी उतारवयात लिहिलेली हकिकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केली. तुम्ही ती वाचली नसेल तर जरूर वाचा. त्यात झाशीतली मराठी घरे, जेवणावळी, राणींचा दिनक्रम, सगळे एका साध्या भिक्षुकाच्या नजरेने आले आहे. राणी महालक्ष्मीच्या दर्शनाला कधी पालखीतून, तर कधी घोड्यावरून जात. इंग्रजी फौज जवळ आली असतानाही चैत्रातले हळदीकुंकू थाटात झाले. बाहेर तोफा, आत हळदीकुंकू. आपल्या आजीने हे ऐकले असते तर ती म्हणाली असती, ‘होय तर, चैत्रगौर कशी चुकवायची?’

१८५८ च्या मार्चअखेरीस सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. १ एप्रिलला मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा बेतवेकाठी पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले आणि ४ एप्रिलच्या रात्री राणी झाशीबाहेर पडल्या. आदल्या वर्षी जूनमध्ये झाशीच्या जोखन बागेत इंग्रज स्त्री-पुरुष आणि मुलांची कत्तल झाली होती. तिचा सूड आता शहरावर उगवला गेला. घरे लुटली, माणसे मारली, मौल्यवान ग्रंथालय जाळले. गोडसे भटजी लपून बसले म्हणून वाचले. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी लढताना पडल्या. दामोदरराव पुढे इंदुरात राहिले आणि १९०६ मध्ये तिथेच वारले.

नेवाळकर झाशीतून गेले. देवी मात्र तिथेच राहिली.

राज्यानंतरची देवी

ज्या घराण्याने देऊळ बांधले, ते घराणेच गावात उरले नाही, तर देवळाचे काय होते? कित्येक ठिकाणी छप्पर कोसळते, आत वटवाघळे राहतात. झाशीत तसे झाले नाही. बुंदेली लोकांनी ही देवी आपली मानली. नवरात्रात आणि दिवाळीत इथे दर्शनाला गर्दी होते, आणि त्या गर्दीत मराठी माणसे थोडी, स्थानिक लोकच फार असतात.

यात एक सुंदर योग आहे. भाद्रपदात आपल्याकडे गौरी येतात. विदर्भ-मराठवाड्यात त्यांना महालक्ष्मीच म्हणतात. मुखवटे, शालू, सोळा भाज्या, पुरणपोळी हे सगळे तुमच्या घरी होतच असेल. नेमके त्याच दिवसांत, भाद्रपद शुद्ध अष्टमीला, उत्तरेकडे महालक्ष्मीचे सोळा दिवसांचे व्रत सुरू होते. सोळा गाठींचा दोरा बांधतात आणि व्रताच्या सांगतेला बुंदेलखंडातल्या बायका मातीच्या हत्तीची पूजा करतात. गजावर बसलेली ती गजलक्ष्मी. आपल्या सोळा भाज्या आणि त्यांच्या सोळा गाठी! कोकणातून आलेल्या देवीला बुंदेलखंडात परके वाटले नसणार.

झाशीत पुढे इतरही लोक आले. १८८६ मध्ये झाशी शिंद्यांकडून पुन्हा इंग्रजांकडे आली. छावणी होती, मग रेल्वे आली, आणि रेल्वेबरोबर नाना प्रांतांची माणसे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने इथे काम सुरू केले. हेच मिशन कोल्हापूर आणि मिरजेतही होते. मिरजेचे वॉनलेस हॉस्पिटल तुम्हाला माहीत असेलच. पुढे सेंट ज्यूडचे कॅथलिक तीर्थस्थान झाशीत उभे राहिले. दरवर्षी २८ ऑक्टोबरला तिथल्या यात्रेला दूरदूरचे लोक येतात. दूरच्या गावी राहायचे ठरले की माणूस घर बांधतो आणि त्यासोबत प्रार्थनेची जागाही उभारतो. मग तो लांज्याचा असो की अमेरिकेचा.

मराठी कुटुंबेही झाशीतून पूर्णपणे गेलेली नाहीत. राणींचे लग्न जिथे झाले त्या गणेश मंदिरात गणेशोत्सव होतो. शहराच्या जुन्या दरवाजांपैकी एकाचे नाव आजही खंडेराव दरवाजा आहे.

तळ्याची आजची काळजी

आता थोडे कडू बोलणेही भाग आहे. वाढत्या शहराचे सांडपाणी, गाळ, जलपर्णी आणि काठावरची अतिक्रमणे यांनी लक्ष्मी तालाचे मोठे नुकसान केले. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून तळ्याच्या सुशोभीकरणाचे काम झाले. फिरायला रस्ता आणि दिवे ही सोय चांगलीच, पण तळ्याचा जीव पाण्यात असतो. पाणी स्वच्छ राहिले तरच ताल टिकेल.

गंमत पाहा. १८५४ मध्ये देवीचे उत्पन्न परक्या सरकारने तोडले, म्हणून आपण आजही हळहळतो. पण तळ्यात कचरा टाकणारे हात आपलेच आहेत. हे फक्त झाशीपुरते खरे नाही. तुमच्या गावच्या देवळापुढची पुष्करणी, बारव किंवा नदीचा घाट एकदा आठवून पाहा.

झाशीला जाणार असाल तर

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्स्प्रेस आणि मिरज-पुण्याकडून येणारी गोवा एक्स्प्रेस झाशीला थांबते. स्थानकाचे नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे आहे, तिकीट काढताना ते लक्षात असू द्या. एप्रिल ते जून ऊन कडक असते. मुले आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

सकाळी किल्ला पाहा, मग राणी महाल. संध्याकाळी ऊन उतरल्यावर लक्ष्मी तालाकडे जा. आधी गंगाधररावांची छत्री, मग महालक्ष्मीचे दर्शन. बरोबर खणा-नारळाची ओटी असेल तर उत्तमच. मुलांना तिथेच हा प्रश्न विचारा, या तळ्याला लक्ष्मी ताल नाव कशावरून पडले असेल? ती ‘राणीवरून’ म्हणतील. मग त्यांना कोट गावची, रघुनाथरावांची आणि मनूची गोष्ट सांगा. आणि घरी परतल्यावर आजी-आजोबांना विचारा, आपली कुलदेवी कुठली, आपले मूळ गाव कोणते आणि आपण इथे कधी आलो. ती माहिती कुठेतरी लिहून ठेवा. सांगणारी माणसे आहेत तोवरच ती मिळते.